मुलांचे गोल्फ क्लब: मोठ्यांचे कापून द्यावेत की मापाचे घ्यावेत?

मुळाकाठ
मुलगी सात वर्षांची, उंची 121 सेंमी. येरवड्याला गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जायला लागली आहे, आवड टिकेल असं दिसतंय. घरात सासऱ्यांचा जुना स्टीलचा सेट पडून आहे. बरेच पालक सांगतात, त्यातला सात नंबरचा आयर्न (धातूच्या चपट्या हेडचा क्लब) काप, ग्रिप (धरायची मूठ) बसव आणि वर्ष काढ. मला हे अजिबात पटत नाही. कापल्यावर लांबी कमी होते, पण हेडचं, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टोकाचं, वजन तसंच राहतं, पाव किलोच्या वर. शाफ्ट (दांडा) आखूड झाला की आणखी ताठ होतो. मग मूल अंग वळवून क्लब फिरवत नाही. कोपरं दुमडून, पाठ मागे झुकवून बॉल कसाबसा उचलतं. हीच सवय अंगात मुरते आणि पुढे कोचला ती मोडण्यात वर्षं घालवावी लागतात. मापाचाच सेट घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

चेंबूरकर_काका
ताई, मी विरोधात. टायगर वुड्सला पहिला क्लब वडिलांनी कापूनच दिला होता. स्पेनचा मोठा गोल्फर सेव्ह बाल्येस्तेरोस आपल्या पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनारी एका तीन नंबर आयर्नवर शिकला. आपला गोल्फर एसएसपी चौरसिया घ्या. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबला ग्रीनकीपर (मैदानाची निगा राखणारे), पोरगा बघून बघून शिकला आणि 2016, 2017 असं लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. हात बॉलवर बसला पाहिजे, सामान दुय्यम. हजारो रुपये घालायचे आणि पोरीने सहा महिन्यांत बॅडमिंटन धरलं तर?

सात_नंबर
काका, चौरसियाबद्दल मलाही फार आदर आहे. पण ही मुलं गोल्फ कोर्सवर (मैदानावर) नाहीतर किनाऱ्यावर दिवसचे दिवस पडलेली असायची. अवजड क्लबशी जुळवून घ्यायला त्यांच्याकडे वेळ होता. आपल्या मुलांना शाळा, क्लास सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास मिळतात. तेवढ्यात चुकीच्या वजनाशी झगडायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आणि जड क्लबला कंटाळून ज्यांनी खेळ सोडला, त्यांची नावं आपल्याला कुठे माहीत असतात?

रानवाट
दोघांच्या मधलं सांगते. पटर (बॉल जमिनीवरून होलमध्ये ढकलायचा क्लब) खुशाल कापा. त्याचा झोका छोटा असतो, थोडं वजन उलट हात स्थिर ठेवतं. आयर्न आणि वुड (लांब मारायचे, जाड हेडचे क्लब) मात्र मुलांचेच घ्या, हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचे. पूर्ण बॅगही नको. नियमाने चौदा क्लब चालतात म्हणून मुलाला दहा कशाला? पटर, एक वेज (जवळून बॉल उंच उचलायचा क्लब), सात नंबर आणि एक फेअरवे वुड एवढं पुष्कळ झालं. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा वुड) घ्यायचाच तर मुलांचा, जास्त लॉफ्टचा, म्हणजे तोंड जास्त वर कललेला. बाबांच्या दहा अंशांच्या ड्रायव्हरने या वयात बॉल हवेत जातच नाही.

कोथरूड_बाबा
मुलं भराभर वाढतात, मग एक माप मोठाच सेट घेतला तर? दोन-तीन वर्षं निघतील.

सात_नंबर
नको. शर्ट वाढत्या अंगाचा चालतो, क्लब नाही. लांब क्लब पोटाला अडतो, मग मूल ग्रिप सोडून खाली शाफ्टवर धरतं. हेडची टाचही जमिनीला टेकून पुढचं टोक वर उचललं जातं, बॉल डावीकडे जातो. वय विचारू नका, बूट काढून उंची मोजा. चांगले सेट तीन-तीन इंचांच्या टप्प्यांत येतात. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंमी वाढतात, म्हणजे एक सेट सव्वा वर्ष तरी चालतो. दुकानात मुलीला क्लब एका हाताने समोर आडवा धरायला सांगा. लगेच मनगट खाली गेलं तर तो जड आहे.

चेंबूरकर_काका
सव्वा वर्षाला नवा सेट! हे किती घरांना झेपतं, सांगा. गोल्फ आधीच श्रीमंतांचा समजला जातो. कॅडीच्या (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याच्या) पोराने काय करायचं? मी माझ्या मतावर कायम आहे, कापलेला क्लब हातात असणं रिकाम्या हातापेक्षा बरं.

मुळाकाठ
काका, पैशाचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच म्हणते, अपुरे पडलेले सेट घरोघरी माळ्यावर धूळ खात ठेवू नयेत. कोर्सवर एक कपाट ठेवावं, मापं लिहून. लहान झालेला जमा करायचा आणि पुढचा न्यायचा, कॅडींच्या मुलांनाही त्यातूनच. या रविवारी मी पालकांशी बोलणार आहे. 121 सेंमी म्हणजे जवळजवळ 48 इंच, त्या मापाचा उजव्या हाताचा सात नंबर आणि वेज कुणाकडे पडून असेल तर कळवा. पटर सासऱ्यांचाच कापून घेते.