सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजीत भावना आणि मत सांगायला कसे शिकवावे?

प्रश्न : शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे 'हॅपी', 'सॅड', 'अँग्री', 'बोअरिंग' हे शब्द मुलांना पाठ आहेत, पण स्वतःच्या मनातले लिहायची वेळ आली की सगळे 'गुड'वर येऊन थांबते.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाच-पाच वाक्ये लिहायला सांगितली. एका मुलाला वडिलांनी स्वतःच्या हाताने लाकडाचा बैल घडवून दिला होता, शिंगांना बेगड लावली होती, आणि त्या बैलाला गावात बक्षीसही मिळाले होते. हे सारे त्याने मला मराठीत रंगवून सांगितले आणि वहीत लिहिले, 'माय बुल इज गुड. पोळा इज गुड. आय ॲम गुड.' एका मुलीने पावसात घरी बसावे लागल्याबद्दल 'आय ॲम बोअरिंग' असे लिहिले. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, 'मॅडम, मले कटाळा आला होता, तेच लिवलं.' मी शब्द दुरुस्त करून दिला, परंतु तो का चुकला हे तिला पटेल असे मला सांगता आले नाही, याची मनाला रुखरुख लागून राहिली आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, वर्धा

मॅडम, त्या मुलीच्या वाक्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्याकडे कंटाळा येतो, भीती वाटते, लाज वाटते, राग येतो. म्हणजे भावना ही कर्त्याच्या जागी असते आणि माणूस 'मला' किंवा 'मले' होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीत माणूस स्वतःच कर्ता होतो आणि भावना विशेषण होऊन त्याला चिकटते. हा फरक फळ्यावर न मांडता विशेषणांची यादी दिली, तर मूल मराठी वाक्याच्या साच्यात इंग्रजी शब्द बसवणारच.

दुसरे असे की, 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग' यांच्यातला भेद मराठीला परका नाही. कंटाळलेला आणि कंटाळवाणा, थकलेला आणि थकवणारा, गोंधळलेला आणि गोंधळात टाकणारा, हे भेद मुले घरूनच घेऊन येतात. 'तू कंटाळलेली होतीस की कंटाळवाणी होतीस?' एवढे विचारले की मूल आपली चूक आपणच ओळखते. मी कापूस वेचणीचे उदाहरण घेत असे. दिवसभर कमरेला कापड बांधून, वाकून वेचणारी आई संध्याकाळी ओट्यावर टेकते आणि बोटांना टोचलेली बोंडांची टोके पाहते. ती वेचणी 'टायरिंग' आणि आई 'टायर्ड'. मुलांना हे पुन्हा सांगावे लागले नाही.

माणसाला 'ईडी' आणि वस्तूला 'आयएनजी' असा सोपा नियम मात्र कृपया देऊ नका. एखादे भाषण जसे कंटाळवाणे असते तसा भाषण करणाराही कंटाळवाणा असू शकतो, आणि तिथे 'ही इज बोअरिंग' हेच बरोबर आहे. भावना कोणामुळे आली आणि ती कोणाला आली, हेच विचारायला शिकवावे.

उत्तर : शिक्षक, बुलडाणा जिल्हा

सरांशी सहमत आहे, फक्त एक पुरवणी जोडतो. 'हॅपी', 'सॅड', 'अँग्री' यांना अशी जोडी नाही, ते शब्द वेगळे शिकवावे लागतात. 'अफ्रेड' हा शब्द नामाच्या आधी येत नाही. 'द चाइल्ड इज अफ्रेड' चालते, पण नामाआधी 'फ्राइटन्ड चाइल्ड' म्हणावे लागते. उच्चाराकडेही लक्ष असू द्यावे, कारण मुले लिहिल्याप्रमाणे 'टायरेड', 'बोरेड' असे वाचतात. 'टायर्ड'मध्ये शेवटी 'ड' आहे, 'शॉक्ट'मध्ये 'ट', आणि 'एक्सायटिड'मध्ये 'इड', कारण तिथे मूळ शब्दाच्या शेवटीच 'ट' आहे.

उत्तर : शिक्षिका, अमरावती जिल्हा

ताई, मत सांगण्याचा भाग थोडा वेगळा आहे. आमच्या भागात मृग बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, तेव्हा मी वर्गात एक संत्रे सोलून त्याच्या फोडी वाटते. 'ऑरेंज', 'स्मॉल', 'राउंड' यांवर सगळ्यांचे एकमत होते. 'डिलिशस' म्हणावे की 'ऑफुल' यावर मात्र वाद होतो, आणि वाद होतो ते विशेषण मताचे, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. मग प्रत्येकाने 'बिकॉज' लावून कारण द्यायचे. कारण शोधताना 'गुड' पुरत नाही आणि मूल स्वतःहून दुसरा शब्द मागते. तो शब्द त्या क्षणी द्यावा, आधी नाही. मताचे विशेषण साधारणपणे आकार आणि रंग यांच्या आधी येते, 'ए डिलिशस स्मॉल ऑरेंज', हेही तिथेच सांगून होते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज त्या मुलीला कंटाळलेली की कंटाळवाणी, असे विचारले. ती क्षणभर थांबली, मग तिने 'बोअरिंग' खोडून 'बोअर्ड' लिहिले आणि खाली आपल्या मनाने आणखी एक ओळ जोडली, 'द रेन वॉज बोअरिंग.' बैलवाल्या मुलाने 'बिकॉज'पुढे 'माय फादर मेड इट' असे लिहून मला शब्द विचारला. मी 'प्राउड' दिला.