उभ्याने ऐकली तर 'मैफल' म्हणायची का? आणि 'ग्रूव्ह'ला काय म्हणता?

गिरणगावकरीण

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एक आठवण लिहिली आहे. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हे संगीत ऐकायचं क्लब नुकतंच निघालं होतं, म्हणजे 2007 संपताना किंवा 2008 लागताना. तिथे ऐकलेल्या फंक (अमेरिकेतलं ठेकेबाज, नाचायला लावणारं संगीत) आणि जॅझच्या एका रात्रीबद्दल आहे. कडेने गोल गोल कप्पे, त्यात खाणारे-पिणारे बसलेले, आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही उभे. दोन तास उभे. बाबा त्याच भागातल्या एका गिरणीत होते, 82 च्या संपानंतर परत कामावर गेले नाहीत. मिल कंपाउंडात तिकीट काढून शिरणारी घरातली मी पहिलीच.

तर मी लिहिलं, "उभ्याने ऐकलेली माझी पहिली मैफल". संपादनाचं काम बघणारे काका निवृत्त शिक्षक. त्यांनी 'मैफल' खोडून 'कार्यक्रम' केलं आणि म्हणाले, "अगं, मैफलीत माणूस बसतो. उभ्याने ऐकतात ते भाषण."

दुसरी अडचण. साडेदहाच्या सुमारास बास आणि ड्रम असे काही जमले की शेजारचे सुटाबुटातले गृहस्थ टाय सोडून डुलायला लागले. याला तिकडे ग्रूव्ह म्हणतात. मी 'ठेका' लिहिलं, पण ते थिटं वाटतंय. काय लिहू?

काना-मात्रा

काकांशी सहमत. मैफल म्हटली की तंबोरे, लोड-तक्के आणि 'क्या बात है' आलं. बिअरचा ग्लास हातात धरून ऐकतात ती मैफल नव्हे. 'संगीतसभा' लिहा. ग्रूव्ह म्हणजे मुळात तबकडीवरची खाच, सुई जिच्यातून चालते ती. म्हणून 'लयखाच' सुचवतो.

खडीसाखर

लयखाच! दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, सिमेंट भरून देतील.

मुळाक्षर

काना-मात्रा, बसण्याचा आग्रह असेल तर चुकीच्या शब्दाला धरलंत. 'जलसा' अरबीतल्या ज-ल-स वरून, म्हणजे बसणे. मजलिस त्याच घरातली. मैफलीचं मूळ मात्र ह-फ-ल, म्हणजे जमणे, गोळा होणे. तेव्हा उभ्याची मैफल चालते, उभ्याचा जलसा चालत नाही! आणि मराठीत घडलं नेमकं उलटं. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांना माणसं मिळेल त्या जागी उभी राहिली आणि मैफल गादीवर जाऊन बसली.

काना-मात्रा

अरबस्तानात काय होतं त्यावर मराठी चालत नाही. गिरगावात काय म्हणतात ते बघा.

मुळाक्षर

मग 'संगीतसभा' कुठल्या गिरगावात म्हणतात तेही सांगा.

तिरकिट

भांडण चालू द्या, मी ग्रूव्हबद्दल बोलतो. तबला शिकलो, हौस म्हणून ड्रमही वाजवतो. फंकचं सगळं इंगित पहिल्या मात्रेत आहे. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना हेच बजावायचा, पहिलीवर जोर द्या, मधे काय हवं ते करा. 1970 मध्ये बूट्सी कॉलिन्स त्याच्याकडे बास वाजवायला आला तेव्हा त्यालाही हाच धडा मिळाला. आपण काय म्हणतो? सम! 'समेवर आले की मान हलते' हे कुणालाही कळेल.

फरक एकच. तीनतालात सम सोळा मात्रांनी येते, तिची वाट बघावी लागते. फंकमध्ये ती चार मात्रांनी दारात हजर. वाट बघायला वेळच नाही, म्हणून मान न हलता कंबर हलते. ताई, 'ठेका' थिटा वाटतो कारण ठेका एकटा तबलजी देतो. ग्रूव्ह चौघांचा मिळून होतो आणि त्यातला एक घसरला की गेला.

गोंयकार

'सम'ला माझं अनुमोदन. पण जॅझ मुंबईला नवं आहे अशा थाटात बोलू नका. आमच्या पपांचे काका चर्चच्या शाळेत सोल्फेज (म्हणजे पाश्चात्त्य सारेगम) शिकले आणि ट्रम्पेट घेऊन मुंबईला आले, धोबी तलावला राहिले. त्यांच्या पिढीतला मोठा माणूस म्हणजे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतात तो आणि त्याचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. काका मैफल, कॉन्सर्ट काहीच म्हणत नसत. 'वाजप' म्हणत. आज वाजप आहे, संपलं. बसलेत की उभे, हा प्रश्न ऐकणाऱ्यांचा.

खडीसाखर

अलबेला म्हणजे भगवानदादा! तेही गिरणी कामगाराचाच मुलगा. विसर्जनाला सबंध लालबाग ज्या चालीने नाचतं ती त्यांची. अंग फारसं हलत नाही, नुसता पाय आणि खांदा. ग्रूव्हला 'भगवान' म्हणा. "साडेदहाला बँडला भगवान सापडला."

फडकरी

उशिरा आलो. दोन मुद्दे.

पहिला, शब्द आपल्याकडे आहे: बारी. संगीतबारी म्हणतो, डबलबारी म्हणतो. कलावंत विचारतात, "आज कुठं बारी?" हेच इंग्रजीत गिग. बँडला फड म्हणा, झालं.

दुसरा, माझी स्वतःची शंका. 'फंकी' आणि आपला 'फक्कड' यांचं काही नातं असेल का? अर्थ किती जुळतो बघा. फक्कड लावणी, फक्कड चहा.

मुळाक्षर

नाही हो. फक्कड वेगळ्या गावचा. 'फंक' म्हणजे आधी वास, तोही घामाचा. आफ्रिकी कलेचे अभ्यासक रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी त्याचा संबंध कोंगो भाषेतल्या 'लु-फुकी'शी जोडला. तिथे तो कष्ट केलेल्या माणसाचा वास, म्हणजे जवळजवळ कौतुकाचा शब्द. इंग्रजीत 'फंक' वेगळ्या वाटेनेही आला असणार, त्यामुळे मी पैज लावणार नाही. पण न्यू ऑर्लिन्समध्ये सुरुवातीच्या काळातला जॅझवादक बडी बोल्डन वाजवायचा त्या हॉलचं लोकांनी ठेवलेलं नावच फंकी बट हॉल. आत कसा वास येत असेल याचा अंदाज करा.

'जॅझ'ची गंमत याहून मोठी. 1912 मध्ये हा शब्द लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात सापडतो तो बेसबॉलच्या संदर्भात. संगीताला चिकटला शिकागोत, 1915 च्या आसपास. म्हणजे शुद्ध जॅझ शोधायला निघालेल्यांच्या हाती चेंडू यायचा.

काना-मात्रा

'घामट संगीत' असा अनुवाद करणार का मग?

गिरणगावकरीण

तुम्ही थट्टेने म्हणालात, पण मला नेमकं तेच आठवलं. बाबा पाळी संपवून आले की सदऱ्याला घाम, मशीनचं तेल आणि कापूस असा एक मिसळलेला वास यायचा. आई तो सदरा दाराबाहेरच काढायला लावायची. ब्लू फ्रॉगमध्ये एसी होता, अत्तरांचा घमघमाट होता. संगीत घामाचं आणि वास परफ्यूमचा. हे वाक्य लेखात टाकते.

फडकरी, 'बारी' आवडला. आमच्या चाळीत डबलबारी व्हायची. एक बुवा इकडे, एक तिकडे. रूपाचा अभंग नि गौळण सगळे बसून ऐकत. गजर चढला की मृदंग-झांजांपुढे मागची माणसं आपोआप उठायची. पायाखालची फळी हलायची. त्या रात्री तसंच झालं होतं. 'गजर चढला' लिहिलं तर?

तिरकिट

लिहा की! माझ्या समेपेक्षा बरं आहे.

काना-मात्रा

गजर भक्तीचा असतो. दारूच्या गुत्त्यात गजर कसला?

गोंयकार

1978 मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेला, त्या महोत्सवाचं नावच 'जॅझ यात्रा' होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही, देव कुठला म्हणून.

फडकरी

यात्रा आणि जत्रा यांत फरक आहे बरं का. आमच्याकडे जत्रा म्हणजे…

मुळाक्षर

त्यावर 'यात्रा-जत्रा' असा जुना धागा आहे, दोनशे प्रतिसादांचा. तिकडे चला.

गिरणगावकरीण

स्मरणिका छापायला गेली. काकांनी 'कार्यक्रम'च ठेवलं. 'गजर चढला' राहिलं, पण जागा कमी पडली म्हणून वासाचं वाक्य कापलं.

काना-मात्रा

ब्लू फ्रॉग तसंच ठेवलंत की निळा बेडूक केलंत?