मदत हवी आहे: आठ कोर, पण शेवटी एकच राबतो

बोंड_फुटलं (ता. घाटंजी)
नमस्कार मंडळी. पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय, पूल (काम वाटून देणारी सोय) वापरलाय, आठ प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या आठ प्रती. सुरुवातीला प्रोसेसरचे आठही कोर शंभर टक्क्यांवर. मग सात रिकामे बसतात अन् एकटा पावणेदोन तास घासून राह्यतो. एकूण तीन तास. आमच्या गावात रात्री लाईनचा भरवसा अडीच तासांचा, बॅटरी फक्त नावाला. काल तिसऱ्यांदा मधातच सगळं गेलं. परवा द्यायचंय. काय चुकतंय, लवकर सांगा.

धुऱ्यावरचा
भौ, काम कशाचं, फाइली किती, विंडोज का लिनक्स, रॅम किती? कोड कुठाय? 'प्रोग्राम लिहिलाय' एवढ्यावरून आम्ही काय पंचांग पाहावं?

काकाजी_दिग्रस
लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवा, हवा खेळते. माझा असाच बंद पडत होता.

बोंड_फुटलं
काकाजी, बंद पडत नाई जी, लाईन जाते.
ड्रोनच्या फोटोंवरून पऱ्हाटी कुठं विरळ आहे ते काढतो. ३२० शेतं, एका शेताची एक फाइल, फाइलीला दोन मिनिटं. विंडोज. कोड म्हणजे पूल.मॅप(काम, फाइली), बस.

सी_चा_भक्त
मूळ चूक पायथन. जीआयएल नावाचं कुलूप असल्यामुळे एका वेळी एकच थ्रेड (प्रोसेसच्या आतला कामाचा धागा) चालतो. सी++ मध्ये लिहा, काम कोरांत वाटून देणाऱ्या ओपनएमपीची एक ओळ टाका, विषय संपला.

धुऱ्यावरचा
त्याच्या प्रोसेस आहेत, थ्रेड नाईत. प्रत्येक प्रोसेसचा जीआयएल वेगळा. म्हणून तर आठही कोर शंभरावर दिसले. अन् ओपनएमपीत शेड्यूल डायनॅमिक (जो मोकळा होईल त्याला पुढचं काम) लिहायला विसरलात तर बहुतेक कंपायलर आधीच सारखे वाटे पाडून मोकळे होतात. तिथंही हेच रडगाणं.
बोंडभाऊ, ३२० गुणिले २ भागिले ८, म्हणजे ८० मिनिटं. तीन तास कुठून आले? सगळ्या फाइली खरंच सारख्या आहेत?

बोंड_फुटलं
हो, सारख्याच. म्हणजे वणीकडच्या मोठ्या आहेत, बारा-बारा मिनिटांच्या. पण त्या दहाच.

मास्तर_नागपूर
हा ॲमडालचा नियम, १९६७. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो कितीही कोर लावले तरी तेवढाच वेळ खातो. तुमच्या नशिबी तीन तासच.

धुऱ्यावरचा
सर, या दहा फाइली एकमेकींवर अवलंबून नाहीत. वाटता येतात. वाटल्या नाहीत, एवढंच.

कापूसवाली
'दहाच' म्हणाला तिथंच सापडलं. पूल.मॅप फाइली एकेक देत नाही, गठ्ठ्याने देतो. चंकसाइज, म्हणजे गठ्ठ्याचा आकार, सांगितला नाही तर एकूण फाइलींना प्रोसेसच्या चौपटीने भागतो. ३२० भागिले ३२, म्हणजे दहाचा गठ्ठा. नावं इंग्रजीत असतील, आर्णीपासून सुरू, वणी डब्ल्यूवर. म्हणजे दहाही मोठ्या शेवटच्या गठ्ठ्यात, एकाच्याच गळ्यात.
निंदणाला बाया लावल्या अन् दहा-दहा पाती आधीच वाटून दिल्या तर असंच होते. हरळीच्या दहाही पाती एकीच्या वाट्याला, बाकीच्या धुऱ्यावर पानाची चंची उघडून बसल्या.

काकाजी_दिग्रस
अशा कशा बसतीन? आपली पात झाली की मांगं राह्यलेलीच्या पातीत शिरतात. आमच्या वावरात तर शिरतात.

धुऱ्यावरचा
काकाजी, तुम्ही सहज बोलून गेले, पण त्याले वर्क स्टीलिंग म्हणतात. नव्वदच्या दशकात एमआयटीच्या सिल्क भाषेनं ते रुळवलं. पायथनच्या पूलमध्ये मात्र दिलेला गठ्ठा दुसरा उचलत नाही.

काकाजी_दिग्रस
मदतीले चोरी म्हणतात होय!

कापूसवाली
बोंडभाऊ, तीन गोष्टी करा. चंकसाइज १. फाइली आकारानं लावून मोठ्या आधी. मॅपऐवजी इमॅप_अनऑर्डर्ड (जे आधी होईल ते आधी हाती), पण उत्तरं उलटसुलट येतील, म्हणून कामातून शेताचं नावही परत पाठवा. एकूण काम ७४० मिनिटांचं, आठात साडेब्याण्णव.

मास्तर_नागपूर
मोठं काम आधी, हा ग्रॅहमचा नियम. १९६९ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की असं लावलं तर सर्वोत्तम वेळेच्या चार तृतीयांशापलीकडे जात नाही. अचूक सर्वोत्तम मांडणी काढणं मात्र दोन यंत्रांसाठीही एनपी-हार्ड आहे, म्हणजे ती झटपट काढायची पद्धत कुणालाच ठाऊक नाही.

सी_चा_भक्त
सी++ मध्ये मुळात दोन मिनिटंच लागली नसती.

बोंड_फुटलं
ताई, केलं. चालू केल्याबरोबर लॅपटॉप गपगार. माउससुद्धा हलेना. दहा मिनिटांनी बटण दाबून बंद केला. हे तर पहिल्याहून खराब झालं.

धुऱ्यावरचा
रॅम किती, हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

बोंड_फुटलं
१६ जीबी. मोठी फाइल उघडली की अडीच जीबी खाते, लहान अर्धा.

कापूसवाली
चूक माझीच. मोठ्या आधी म्हटल्यावर आठही प्रोसेसनी एकदम मोठीच उघडली. आठ गुणिले अडीच, वीस जीबी. रॅममध्ये मावेना ते डिस्कवर हलवत, म्हणजे स्वॅप करत बसला. ग्रॅहमच्या हिशोबात मेमरी कुठं आहे? अशी यादी लावा: एक मोठी, दहा लहान, पुन्हा एक मोठी. म्हणजे एका वेळी तीनेक मोठ्याच चालतील, अन् दहाही पहिल्या तासाभरात निपटतील. शेवटाला नुसत्या लहान उरल्या पाहिजेत. चंकसाइज १ तसाच ठेवा.

मास्तर_नागपूर
क्लाउडवर चोवीस तास वीज असते.

बोंड_फुटलं
सर, ३२० फाइली क्लाउडवर चढवायला आमच्या टॉवरले दिवाळी उजाडते.
ताई, झालं. १ तास ३६ मिनिटं. शेवटी आठही कोर पुढंमागं दोन मिनिटांत मोकळे. लाईन गेली तवा फाइली पेनड्राइव्हवर होत्या.

काकाजी_दिग्रस
आमचं वावर दिग्रसले आहे. चार एकर. त्याचा नकाशा काढून देता का? बोंडअळी दिसते काय त्यात?

बोंड_फुटलं
अळी नाई दिसत काकाजी, विरळ जागा दिसते. कारण वावरात जाऊनच पाहा लागते.

सी_चा_भक्त
१ तास ३६ मिनिटं?