धनुष्यबाणाने एल्कची शिकार : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तुमचे अनुभव लिहा

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

गेल्या महिन्याभरात तीन मराठी मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला : धनुष्य घेतलंय, सप्टेंबरात एल्कच्या (सांबरासारखं, पण त्याहून मोठं इथलं हरीण) मागे जायचंय, सुरुवात कुठून करू? सामानाची यादी कुठेही मिळते. पण जी गोष्ट इथली पोरं वडील-काकांच्या मागे चालत दहाव्या वर्षी शिकतात, ती आपल्याला पस्तिशीत शिकावी लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि ती थांबली हे योग्यच झालं, पण त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात माग काढणारा माणूस पाहिलेला नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. शंभर वर्षांपूर्वी लाखाच्याही खाली गेलेले एल्क आज उत्तर अमेरिकेत दहा लाखांच्या घरात आहेत, आणि त्यांच्या देखभालीचा मोठा पैसा शिकारीच्या परवान्यांतून आणि धनुष्य-बंदुकांवरच्या करातून येतो.

ज्यांनी निदान एक हंगाम काढला आहे त्यांनी लिहावं. जमलं ते लिहा, पण फसलं ते आधी लिहा.

कागदपत्रांचं मी सांगून टाकतो. १९४९ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. राज्यात सलग सहा महिने राहिलात की रहिवासी दर लागतो आणि बऱ्याच भागांचा धनुष्याचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायची परवानगी, सोडतीशिवाय, थेट विकत मिळतो. बाहेरच्या राज्यातल्यांना ही सोय २०२५ पासून बंद झाली, त्यांना सोडतीत अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, किमान ३५ पौंड असावी असा नियम आहे, पण एल्कसाठी मी स्वतः ४५ च्या खाली जाणार नाही. नर तीनशे किलोंच्या पुढे भरतो, त्याच्या फासळ्या काही पातळ नसतात.

ड्युरँगो, कोलोरॅडो

मी फक्त वाऱ्याबद्दल लिहितो, कारण पहिल्या हंगामात त्यानेच माझे सात दिवस खाल्ले. चार वेळा एल्क साठ यार्डांच्या आत आले, चारही वेळा मान वर झाली आणि दगड गडगडल्यासारखा आवाज करत सगळा कळप उतरून गेला. मला वाटत होतं माझ्या पावलांचा आवाज होतोय. तसं नव्हतं. एल्कने तुम्हाला पाहिलं तर तो थबकतो, निरखतो. काटकी मोडली तर बरेचदा दुसराच एल्क समजतो. वास आला की मात्र तो पुन्हा विचार करत नाही.

डोंगरातला वारा हवामानाच्या अ‍ॅपवर दिसतो तसा वाहत नाही. पहाटे थंड हवा ओढ्याच्या पाण्यासारखी उताराने खाली सरकत असते. ऊन चढलं की, साधारण नऊ-दहाला, तीच हवा उलटून वर चढू लागते. संध्याकाळी सूर्य मागे गेला की पुन्हा खाली. मी सकाळी बरोबर खालून वर चढत होतो, ते ठीक होतं. पण दहानंतरही तसाच चढत राहायचो, आणि माझा वास माझ्या आधी वर पोचायचा. दुपारी एल्क उत्तरेकडच्या उतारावर, दाट स्प्रूसच्या काळोखात बसून रवंथ करत असतात, म्हणजे वाट बघत बसल्यासारखेच.

आता खिशात पावडरची लहान बाटली असते. दर पाच मिनिटांनी एक चिमटी उडवतो आणि ती कुठे जाते ते शेवटपर्यंत बघतो, हातापाशीच नाही. कधीकधी दहा फुटांवर ती वळते आणि मागे येते. तशा जागी थांबायचं नाही, समोर कितीही मोठा नर ओरडत असला तरी.

ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो

हे लिहायला मला पाच वर्षं लागली.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, नर माजावर. सकाळपासून एकाची हाक ऐकत होतो. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी : खालच्या पट्टीत सुरू होते, शिट्टीसारखी वर चढते आणि शेवटी घशातून खोकल्यासारखे तुकडे पडतात. इथे तिला बिगुल म्हणतात. मी मादीचा आवाज काढला, तो उतरून आला. अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरवर ४३ यार्ड. माझा सराव चाळीसपर्यंतचा होता, तोही सपाट मैदानावर, बूट घट्ट रोवून. तो थोडा पुढे चालत होता. मी बाण सोडला.

आवाज आला तो पोकळ, ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. फुप्फुसातून गेलेल्या बाणाचा आवाज तसा नसतो, हे मला नंतर कळलं. पंधरा मिनिटांनी मी उठलो. बाण गवतात पडला होता, पिसांना हिरवट चिकट काहीतरी लागलं होतं, वासही येत होता. म्हणजे बाण पोटात गेला होता. तिथे बसून राहायला हवं होतं, आठ तास, दहा तास, गरज पडली तर रात्रभर. पोटात लागलेला एल्क हाकलला नाही तर बहुधा जवळच झाडीत बसतो आणि तिथेच संपतो. मी मागावर गेलो. दीडशे यार्डांवर तो उठला आणि पळाला, आणि त्यानंतर रक्ताचा एक थेंबही दिसला नाही.

दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांच्या आवाजामुळे सापडला, एका घळीत. मांस हिरवं पडलं होतं. मी टॅगला खाच पाडली, म्हणजे तो वापरला असं धरलं, तो हंगाम माझ्यासाठी तिथेच संपला. घरी आल्यावर बायकोने काही विचारलं नाही, मीही आठवडाभर बोललो नाही.

तर नव्या माणसाने पाठ करावं ते हे. तांबडं गुलाबी, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस : तरीही निदान अर्धा तास बसा. काळपट गडद रक्त म्हणजे यकृत : चार ते सहा तास. हिरवट, वास येणारं : मी वर लिहिलं ते. नेम फक्त दोन स्थितींत धरा, जनावर पूर्ण आडवं असेल तेव्हा किंवा तोंड तुमच्यापासून थोडं पलीकडे वळलेलं असेल तेव्हा. आणि अंतराचं म्हणाल तर मैदानावर दहापैकी दहा बाण जेवणाच्या ताटात बसतात ते अंतर घ्या, त्यातून दहा यार्ड वजा करा. माझं आता तीस आहे. तीस यार्डांवर एल्क येईपर्यंत मी थांबतो, नाही आला तर नाही.

बॉइसी, आयडाहो

दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या नवऱ्यालाही वाचायला दिलं.

बायकांसाठी एक सांगते, कारण दुकानात मला पहिल्याच दिवशी "तुम्हाला नाही जमणार" असं ऐकावं लागलं. मी ४८ पौंडांचं धनुष्य ओढते. बाण जड ठेवला, पातं साधं न उघडणारं आणि वस्तऱ्यासारखं धारदार. बावीस यार्डांवरून तो मादीच्या आरपार गेला, ती सत्तर पावलांवर पडली. ओढ कमी असली तरी चालते, पण ती सावकाश, धनुष्य आभाळाकडे न उचलता, गुडघ्यावर बसून ओढता आली पाहिजे.

सरावाचं म्हणाल तर मी रोज सकाळी चहाआधी एकच बाण सोडते. हात गरम झाल्यावर पन्नासावा बाण कुठे बसतो याला जंगलात काही अर्थ नाही, तिथे पहिलाच बाण असतो. जूनपासून हे केलं. पाठीवर पिशवी, अंगात जॅकेट, सगळं घालून.

आणि आवाज काढणारा माणूस नेम धरणाऱ्याच्या मागे पन्नास-साठ यार्ड बसवा. येणारा नर आवाजाची जागा बघत असतो, मधल्या माणसाकडे त्याचं लक्ष नसतं.

एडिसन, न्यू जर्सी

मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदुकीचे नियम कडक आहेत असं ऐकलं, धनुष्याचं काय?

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

संघराज्याच्या कायद्यात धनुष्य हे बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे तो अडसर नाही. राज्याचा शिकार परवाना आणि टॅग मात्र तुम्हालाही तसाच लागेल, दर बाहेरच्या राज्यातल्यांचा.

बोझमन, मॉन्टाना

आमच्याकडे ग्रिझली अस्वलं आहेत, म्हणून थोडक्यात. मादी एल्कचा आवाज काढता तेव्हा तुम्ही अस्वलालाही जेवायला बोलावत असता. अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे छातीवर किंवा पट्ट्याला, पिशवीत नाही. जनावर कापताना एकाने उभं राहून पहारा द्यायचा. मांस रात्रभर ठेवावं लागलं तर आतड्यांपासून शंभर यार्ड दूर, लांबूनही दिसेल अशा मोकळ्या जागी. सकाळी परत जाताना आधी दुरून दुर्बिणीने बघा, मग मोठ्याने बोलत जा.

डेन्व्हर, कोलोरॅडो

एल्क पडला की खरी मेहनत सुरू होते, आणि हे कोणी आधी सांगत नाही. सप्टेंबरात दुपारी वीस-पंचवीस अंश असतं. केसांची जाड कातडी अंगावर राहिली तर मागच्या तंगडीत, हाडाजवळ, मांस आतून आंबतं. आम्ही पोट न फाडता एका कुशीवरून कातडी सोलतो, पुढचा फरा, मागची तंगडी, पाठीची पट्टी, मानेचं मांस काढतो, मग उलटवून दुसरी बाजू. प्रत्येक तुकडा जाळीच्या सुती पिशवीत, सावलीत, फांदीला टांगून. नर की मादी याचा पुरावा मांसाला जोडलेलाच ठेवायचा, तो नियम आहे. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा तर गुन्हाच आहे.

हाडासकट मागची तंगडी पंचवीस-तीस किलो भरते. आम्ही दोघे होतो, गाडी पाच किलोमीटरवर, उंची दहा हजार फुटांच्या पुढे. दोन दिवसांत तीन-तीन फेऱ्या झाल्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तिसऱ्या फेरीला तेवढीच घशाखाली उतरत होती. तेव्हापासून माझा नियम : गाडीपासून जिथपर्यंत सहा फेऱ्या मारता येतील त्याच्या पलीकडे बाण सोडायचा नाही.

डोक्याचा नमुना सीडब्ल्यूडीच्या (हरणांच्या मेंदूचा एक जीवघेणा रोग) तपासणीला द्या, अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. हा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या हरणांतच दिसला होता. चरबी जवळजवळ नसते, म्हणून नळीचं मांस कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर चार तास, आणि पाठीची पट्टी तव्यावर फक्त मीठ-मिरी, आतून गुलाबी असतानाच उतरवायची. आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली, बकऱ्यापेक्षा गोड आहे.

गनिसन, कोलोरॅडो

तीन हंगाम झाले, माझ्या घरात अजून एल्क आलेला नाही, तरी लिहितो.

गेल्या वर्षी शेवटच्या सकाळी एक नर पंधरा पावलांवर आला. मी पडलेल्या झाडामागे गुडघ्यावर होतो, धनुष्य पूर्ण ओढलेलं. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती, शिंगांना गवताची मुळं लटकत होती, चिखलात लोळून आल्यावर येतो तो उग्र वास माझ्यापर्यंत पोचत होता. पण तो सरळ माझ्याकडे तोंड करून उभा. समोरून छातीत मारणारे आहेत, पण मी तो बाण कधी सरावलेला नाही, आणि इथे ग्रँड जंक्शनच्या दादांनी लिहिलाय तसाच अनुभव मला एका शेजाऱ्याकडूनही ऐकायला मिळाला होता. मिनिटभर ओढ धरली. खांदा थरथरू लागला, तेव्हा हळूच दोरी मागे सोडली. ती हालचाल त्याने पाहिली आणि वळून गेला.

यंदा टॅग घेतलाय, भाग तोच. मिनिटाऐवजी दोन मिनिटं ओढ धरता यावी म्हणून धनुष्य पाच पौंडांनी सैल केलंय. २ सप्टेंबरला पहाटे चारला त्याच ओढ्याच्या तोंडाशी असेन.