मदत हवी आहे: जुन्या कौलारू घराला खोली वाढवायची आहे, छप्पर कसं जुळवावं?

राजापूर तालुक्यात आमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आहे, पणजोबांनी बांधलेलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, वर माळा, मागे पुन्हा पडवी आणि परसात विहीर. भिंती जाड, चुन्यात बांधलेल्या. छप्पर मंगलोरी कौलांचं. आई-अण्णा तिथेच राहतात. रात्री अंधारात परसातल्या संडासापर्यंत जाणं अण्णांना आता झेपत नाही. म्हणून जोत्याच्या (घराच्या चौथऱ्याच्या) पातळीलाच एक झोपायची खोली आणि लागून संडास-बाथरूम, एवढंच वाढवायचं आहे.

गावातला ठेकेदार म्हणतो, "मागे स्लॅब टाका, वर टाकी ठेवा, विषय संपला." अशी दोन घरं वाडीत झाली आहेत; पुढून कौलारू, मागून एसटी स्टॅण्ड. ते नको. घर काही वारसा यादीत नाही, त्यामुळे हटकणारं कुणी नाही. जे काय सांभाळायचं ते आम्हीच.

घोडं अडलंय छपरापाशी. मागच्या पडवीची वळचण, म्हणजे छपराची खालची कडा, जोत्यापासून जेमतेम ७ फुटांवर आहे. तोच ३० अंशांचा उतार पुढे १२ फूट नेला, तर छप्पर जवळजवळ ७ फूट खाली येतं, म्हणजे पागोळ्या थेट जोत्यावर! उतार कमी केला तर कौलांखालून पाणी आत येणार. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. दोन छपरं समोरासमोर आणली तर मध्ये पन्हळ आली, आणि ती फणसाच्या पानांनी तुंबणार. फणस तोडायचा नाही, हे आईने आधीच बजावलंय.

कुणी असं काम केलंय का?

चिरेबंदी: छप्पर जोडूच नका. खोली चार-पाच फूट सुटी बांधा, तिचं आढं (छपराचा माथा) वेगळं, वळचण वेगळी. मधल्या बोळावर पातळ पत्रा, जुन्या वळचणीखाली सरकवलेला आणि आडव्या उताराचा, म्हणजे पाणी बाजूला पडेल. बोळ मागच्या दारातूनच काढा, भिंत फोडू नका. पायाही वेगळाच हवा. जुनं घर जमिनीत कधीच बसून स्थिर झालंय, नवं अजून बसणार. एकत्र बांधलंत तर सांध्यात तडा ठरलेला. आणि संडास-बाथरूम खोलीच्या पलीकडच्या टोकाला घ्या, जुन्या भिंतीला पाण्याचा पाइप लागता कामा नये.

ठेकेदार जाता जाता जुन्या भिंतीलाही सिमेंटचा गिलावा मारायला बघेल, त्याला आधीच थांबवा. जांभा पाणी पितो. चुना ते बाहेर जाऊ देतो, सिमेंट आत कोंडतं. मग ओल भिंतीत वर चढत जाते.

माळ्यावरची: नवी खोली जुन्याची नक्कल असायला नको. जुन्या वास्तूंच्या जतनाची जी आंतरराष्ट्रीय सनद आहे, त्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे: नवं काम नवं म्हणून ओळखू यावं आणि मूळ इमारतीचा तोल बिघडू नये. तुमच्याकडे याचा अर्थ चिरा तोच, आढं जुन्यापेक्षा खाली, खांब साधे. नक्षीचे खांब मुळीच नकोत, कितीही मोह झाला तरी.

कौलांचं बघा. जुनं कौल उलटं करून कारखान्याचं नाव वाचा. साचा वेगळा असेल तर नवी कौलं जुन्यांत नीट अडकत नाहीत आणि तिथेच गळतं. नव्या खोलीवर सगळी नवीच घाला. जुन्यांतली धड असलेली एकही तिकडे वापरू नका, दुरुस्तीला लागतील.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. बोळाची उंची मोजली. पत्र्याच्या खालच्या कडेला साडेसहा फूट मिळतात, अण्णांना पुरेत. खोली सुटी म्हटल्यावर काकांचाही विरोध मावळला. घर सामाईक आहे आणि त्यांना जुन्या छपराला हात लावलेला नको होता.

आता अडलंय गवंड्यापाशी. सगळे सिमेंटवाले. एकाने तर चुना म्हणजे पांढरा रंग समजून दर सांगितला! मिरगाच्या आत छप्पर झालं पाहिजे. राजापूर-लांज्याकडे चुन्यात हात बसलेला कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवाळीनंतर चिरा उतरवायचा विचार आहे.