मेडियाचा सूड की बदला?

प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकावर टिपण लिहितोय. (नाव मुद्दाम 'मेडिया' ठेवलंय, 'मीडिया' लिहिलं की वाचणारा बातम्यांकडे वळतो.) दोन ठिकाणी अडलोय. तिने जे केलं तो सूड, बदला की प्रतिशोध? आणि तिचा नवरा जेसन तिला टाकून राजकन्येशी लग्न करतो, त्याला प्रेमभंग म्हणावं का?

—

सूडच. 'बदला' अरबीतून आलेला, मुळात अदलाबदलीचा शब्द. तू माझा एक मारलास, मी तुझा एक, फिटंफाट. उट्टं तर क्रिकेटच्या सामन्यातही काढतात. मेडिया नव्या नवरीला विषारी वस्त्र आणि सोन्याचा मुकुट पाठवते, तेही स्वतःच्या मुलांच्या हातून. ती पोरगी ते अंगावर घालून आरशात केस सारखे करते, स्वतःकडे बघून हसते, आणि थोड्याच वेळात मुकुट पेट घेतो. तिचा बाप, करिंथचा राजा क्रेऑन, तिला कवटाळतो तर वस्त्र त्यालाही चिकटतं, सुटता सुटत नाही. इथवर 'बदला' खपला असता. पण पुढे जेसनचा वंश खुडायचा म्हणून ती पोटची दोन्ही मुलं मारते. माणूस सुडाने पेटतो. 'बदल्याने पेटला' असं कोणी म्हणत नाही. 'प्रतिशोध' पुस्तकी, शिवाय त्याला हिंदी मालिकांचा वास येतो.

—

प्रेमभंग अजिबात नको, तो कॉलेजातल्या पोरांचा होतो. जेसन ज्यासाठी आला होता ती सोनेरी लोकर त्याला मिळवून देताना तिने बापाचं घर सोडलं, सख्ख्या भावाचा जीव घेतला, आणि जेसनने तिच्या हातात उजवा हात देऊन शपथा घेतल्या. नाटकभर ती त्या हाताची आणि शपथांची आठवण काढते, देवराज झ्यूसला आणि न्यायदेवता थेमिसला साक्षीला बोलावते. तेव्हा 'वचनभंग'. बोलीतलं हवं तर सरळ 'केसाने गळा कापला' लिहा. जेसनचा बचाव मोठा मासलेवाईक आहे: मला वाचवलं ते प्रेमदेवतेने, तू नव्हेस, आणि राजकन्येशी लग्न करतोय ते तुमच्याच भल्यासाठी!

—

एक भर. टिपणात 'चेटकीण' लिहू नका. त्या शब्दाने डोळ्यांपुढे पिंजारलेल्या केसांची म्हातारी उभी राहते. ही सूर्यदेवाची नात, जादूटोण्याची देवता हेकटी हिची भक्त, जडीबुटी आणि विषं जाणणारी. क्रेऑन तिला करिंथमधून घालवतो तेव्हा तिला 'सोफी' म्हणतो, म्हणजे शहाणी, आणि म्हणूनच तुझी भीती वाटते असंही सांगतो. 'मोठी शहाणी आलीस' यात जी बोच आहे तीच. त्यावर ती म्हणते, सुज्ञ माणसाने मुलांना फार शहाणं करू नये, लोकांच्या डोळ्यांवर येतं. आणि असं बोलत बोलतच त्याच्याकडून एका दिवसाची मुदत काढून घेते. इ.स.पू. 431 साली अथेन्सच्या स्पर्धेत या नाटकाला तिसरा क्रमांक मिळाला, ते जाऊ दे.

—

सूड आणि वचनभंग, दोन्ही घेतो. 'शहाणी'ला अवतरणचिन्हं लागतील का?

—

नकोत. आधी 'फार' लावा. 'फार शहाणी बाई' म्हटलं की मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.