भात शिजेपर्यंत खिमा: पूर्वेकडच्या चवीचे तुमचे अनुभव लिहा

घरी पोचायला उशीर झाला की आमच्याकडे बेत ठरलेला असतो. एका शेगडीवर भात, दुसरीवर खिमा. सोया सॉस, आलं, लसूण, थोडी साखर, वरून पातीचा कांदा. भाताखालचा गॅस बंद करेपर्यंत खिमाही तयार.

हे जमायला मला दोन वर्षं लागली. तोवर माझा खिमा करडा आणि पाणचट व्हायचा. चव लागत नाही म्हणून सॉस वाढवायचे, मग तो खारट व्हायचा, पण चव यायची नाही ती नाहीच. चूक सॉसमध्ये नव्हतीच. कढई धड तापायच्या आत मी अर्धा किलो खिमा एकदम टाकत होते आणि लगेच हलवत सुटत होते. खिम्याला पाणी सुटतं, आणि ते आटत नाही तोवर मांस शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं. खरपूस तांबूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. ज्या क्रियेमुळे हा रंग आणि वास येतो तिला मायार यांचं नाव आहे. या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं.

आता मी कढई चांगली कडकडीत तापवते. तेल घालून खिमा पसरते, उलथन्याने दाबते आणि तीन-चार मिनिटं हात लावत नाही. ही तीन-चार मिनिटं कान देऊन ऐकण्यासारखी असतात. आधी पाण्याचा रटरट आवाज येतो. मग तो हळूहळू बसतो आणि कोरडी चुरचुर सुरू होते. तेव्हा एक कोपरा उचलून बघायचा. खालची बाजू गडद तपकिरी दिसली की उलटायचा आणि फोडायचा. मग मध्ये जागा करून आलं-लसूण अर्धा मिनिट परतायचं. लसूण आधी घातला तर तो जळून कडू होतो. सॉस अगदी शेवटी, कारण त्यातली साखर पटकन करपते.

अर्ध्या किलोला माझं प्रमाण असं: सोया सॉस तीन मोठे चमचे, साखर एक मोठा चमचा, व्हिनेगर दोन छोटे चमचे, लसणाच्या पाच पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. तिळाचं तेल एक छोटा चमचा, तेही गॅस बंद केल्यावर, नाहीतर त्याचा वास उडून जातो. वेगळं मीठ घालत नाही.

तुम्ही कसा करता? कुठलं मांस, कुठला सॉस, काय बिघडलं, काय कायमचं घरात राहिलं? सविस्तर लिहा, घाई नाही.

*

ताई, पाण्याचं अगदी खरं. मी चिकनचा खिमा वापरतो आणि त्याला तर फारच पाणी सुटतं. माझा उपाय खायचा सोडा. अर्ध्या किलोला पाव छोटा चमचा, दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून खिम्याला चोळायचा आणि पंधरा मिनिटं ठेवायचा. तेवढ्यात कांदा-आलं चिरून होतं. सोड्यामुळे मांसातली प्रथिनं शिजताना आवळून बसत नाहीत, पाणी आतच राहतं आणि रंगही लवकर येतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नका. एकदा मी अंदाजाने टाकला तर साबणासारखी चव आली आणि सगळं टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून मोजूनच घालतो.

*

माझा खिमा थायलंडकडचा, पाड क्रापाव. कामावरच्या एका थाई मैत्रिणीने माझ्याच ओट्याशी उभं राहून शिकवला.

तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या हातून मिक्सरचं भांडं काढून घेतलं. लसूण आणि लाल मिरच्या खलबत्त्यात ठेचायच्या, आणि त्याही जाडसर. मिक्सरमध्ये त्यांचा लगदा होतो आणि तो तेलात तळला न जाता नुसता शिजतो. ठेचलेल्या तुकड्यांच्या कडा कुरकुरीत होतात आणि नाकात झणझणीत वास शिरतो. त्यावर खिमा, मग फिश सॉस, ऑयस्टर सॉस, चिमूटभर साखर. शेवटी मूठभर क्रापावची पानं टाकायची, दोनदा हलवायचं आणि लगेच गॅस बंद.

क्रापाव म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपली तुळसच, फक्त वाण वेगळं. लवंगेसारखा तिखटसर वास असतो तिला. ती नाही मिळाली तर बेझिल चालते, पण मग पदार्थ वेगळा होतो, छानच होतो, पण वेगळा.

वर तळलेलं अंडं हवंच. भरपूर तेलात, कडा जाळीदार तपकिरी, बलक वाहता. थाईत त्याला खाय दाव म्हणतात, म्हणजे तारा-अंडं. बलक फोडला की तो खिम्यात उतरतो आणि मिरचीचा जाळ निवतो.

*

मी जरा उलटं सांगणार आहे. सगळे खरपूस भाजायचं म्हणताहेत, पण माझ्या सगळ्यात आवडत्या खिम्यात तेलाचा थेंब नसतो आणि मांस भाजतही नाही.

तो म्हणजे लाब. लाओसमधला, आणि थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातला. कढईत चार-पाच चमचे पाणी उकळायचं, त्यात खिमा घालून तो पूर्ण शिजेपर्यंत हलवायचं, पाच-सहा मिनिटं. उतरवायचं. मग लिंबू, फिश सॉस, सुकी मिरची पूड, उभे चिरलेले छोटे कांदे, पुदिना. लिंबू गॅसवर असताना पिळू नका, त्याचा ताजेपणा जातो.

पण लाबचा जीव आहे भाजलेल्या तांदळाच्या पुडीत. कच्चा चिकट तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं हलवत राहायचा. दाणे आधी दुधासारखे पांढरे होतात, मग कडेने पिवळे, मग एकदम सोनेरी. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. अजून दोन मिनिटं जाऊ द्या, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग येईपर्यंत. खमंग वास घरभर पसरतो. गार करून रवाळ कुटायचा, पीठ करायचं नाही. दोन चमचे खिम्यात मिसळले की तो सगळा रस धरून ठेवतो आणि दाताखाली बारीक कुरकुर लागते. ही पूड मी बरणीत भरून ठेवते. ती तयार असली की लाब पंधरा मिनिटांत होतो.

*

मी फार काही करत नाही. खिमा, सोया सॉस आणि बारीक चिरलेली अर्धी कोबी. कोबी मोठ्या आचेवर दोनच मिनिटं, कचकचीत राहिली पाहिजे. स्प्रिंग रोलचं सारण पारीशिवाय खाल्ल्यासारखं लागतं. मुलं मागून खातात.

*

बाबांच्या दातांचं काम चालू होतं तेव्हा तीन आठवडे त्यांना काही चावता येत नव्हतं. सूप आणि मऊ भात खाऊन ते इतके कंटाळले होते की जेवायला बसायचंच टाळायचे. त्या दिवसांत मला सोबोरो सापडला.

हा जपानी घरगुती खिमा. चिकनचा खिमा, सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोडसर जपानी तांदळाची वाइन), साखर, किसलेलं आलं, सगळं थंड भांड्यातच एकत्र करायचं. मग मध्यम आचेवर ठेवून चार-पाच चॉपस्टिक एका मुठीत धरून सतत ढवळत राहायचं. एक सेकंद थांबलात की गोळे होतात. ढवळत राहिलात तर रव्यासारखे बारीक, ओलसर दाणे मोकळे होतात. रस जवळजवळ आटला की झालं. मिरिन नसेल तर साखर थोडी वाढवायची आणि दोन चमचे पाणी घालायचं.

भातावर तीन पट्टे करतात: खिम्याचा तपकिरी, बारीक मोकळ्या अंड्याचा पिवळा, वाटाणे किंवा फरसबीचा हिरवा. या तीन रंगांच्या भाताला सानशोकु डोन म्हणतात. मी बाबांसाठी फरसबी अगदी मऊ उकडली. त्या रात्री त्यांनी वाटी पुढे केली आणि "अजून आहे का?" विचारलं. दात केव्हाच बरे झाले, तरी दर रविवारी सोबोरो होतोच.

*

वरचा अनुभव वाचून डोळे भरून आले. चार चॉपस्टिकची युक्ती आजच करून बघते.

*

माझा विषय माबो टोफू, म्हणजे खिमा आणि टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) यांचा पदार्थ, आणि माझी चूकही त्यातलीच. हा चीनच्या सिचुआन प्रांतातला, छंगतू शहरातला पदार्थ. १८६२ मध्ये तिथे सुरू झालेल्या एका खानावळीशी त्याचं नाव जोडलेलं आहे. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, म्हणून "माबो", म्हणजे व्रण असलेली आजीबाई, असं सांगतात.

त्याचा मुख्य मसाला तोबानजान, म्हणजे मिरची आणि एका जातीच्या मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची आंबवलेली पेस्ट. ती मुळातच प्रचंड खारट असते. पहिल्या वेळी मी तिचे दोन मोठे चमचे घातले, वर नेहमीच्या सवयीने सोया सॉस, वर मीठ. सहा जण जेवायला होते. कुणालाच खाता आलं नाही आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या दोघी लांबून आल्या होत्या. आता पाव किलो खिमा आणि एका टोफूला एकच मोठा चमचा पेस्ट, एक छोटा चमचा सोया सॉस, मीठ शून्य. शेवटी चाखून लागलंच तर.

दोन गोष्टी आणखी. टोफूचे चौकोन आधी मिठाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवले की ते कमी फुटतात. आणि कॉर्नफ्लोअर नेहमी थंड पाण्यात कालवून, दोन-तीन वेळा थोडं थोडं घालायचं, दर वेळी उकळी येऊ द्यायची. एकदम ओतलं की गुठळ्या. वरून सिचुआन मिरीची ताजी पूड. तिने जीभ तिखटाने पोळत नाही, बधीर होऊन थरथरते. पहिल्यांदा खाणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

*

चवीच्या गप्पांत एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहिते. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या थरावर. खिमा करताना तो वरचा थर सगळीकडे मिसळला जातो. म्हणून आत गुलाबी राहिलेला खिमा चालत नाही. बीफ, पोर्क, मटण यांना आतून ७१ अंश सेल्सिअस, चिकनला ७४. मोकळा परतलेला खिमा सहज तिथवर पोचतो, पण गोळे किंवा टिक्की करत असाल तर थर्मामीटर घ्याच. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका.

कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही. मी आणते त्याच दिवशी पाव-पाव किलोच्या पिशव्या भरते, लाटण्याने बोटाच्या जाडीएवढ्या सपाट करते आणि फ्रीझरला टाकते. वीटेसारखा गोळा आतून वितळायला रात्र जाते. सपाट पिशवी बंद करून थंड पाण्यात ठेवली की पटकन सुटते. शिजलेला खिमा आणि भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मी एकदा रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी परतून खाल्ला होता आणि दोन दिवस अंथरुणात होते.

*

आमच्या घरी निम्मे शाकाहारी. त्यांच्यासाठी घट्ट टोफू रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून, वितळवून, पिळून हाताने कुस्करते, त्यात बारीक चिरलेले मशरूम. परतायची पद्धत तीच, दाबून ठेवा आणि हात लावू नका. सॉसच्या बाटल्या मात्र वाचून घ्या. फिश सॉस उघडच माशांचा, पण ऑयस्टर सॉस कालवांचा असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १८८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ली कुम शेउंग यांनी तो पहिल्यांदा विकायला काढला. कालवांचं कालवण चुलीवर जास्त वेळ राहून दाट झालं, त्यातून तो जन्मला असं सांगतात. मशरूमचा त्याच चवीचा सॉस मिळतो. मी तोच आणते, म्हणजे दोन कढया झाल्या तरी बाटली एकच लागते.

*

काल रात्री केला. पहिल्या अनुभवातल्यासारखा खिमा दाबून ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. रटरट थांबून चुरचुर सुरू झाली तेव्हा बायकोला हाक मारून आवाज ऐकवला. कोपरा उचलला तर खरंच गडद तपकिरी. सोड्याची युक्ती या वेळी नाही केली, ती उद्या चिकनवर. तांदळाची पूड मात्र भाजून ठेवली आहे, बरणी भरली आहे. एकच विचारायचं होतं, लाबसाठी चिकट तांदूळ नसला तर साधा चालेल का?

*

चालेल. फक्त जरा बारीक कुटा, साधा तांदूळ दाताला कडक लागतो. आणि करताय तेव्हा पुदिना हात आखडून घालू नका.